तिसऱ्या रांगेमागच्या चादरी

आमच्या लाँड्रीच्या गच्चीवर तीन कारखान्यांची सौर पॅनेलं शेजारी शेजारी बसवून बघायची आणि जो सरस ठरेल त्याला सगळ्या गच्चीचं काम द्यायचं, असं ठरलं. तीन नावं फळ्यावर लिहिली गेली. तिसऱ्या कारखान्याचा मालक कोण, ते मी कोणाला सांगितलं नाही. तो माझा जावई होता. कागदोपत्री अजूनही आहे. पण लेकीला माझ्या दारात उतरवून त्यानं गाडी वळवली, तेव्हापासून मी त्याला 'जावईबापू' म्हणते ते फक्त टोचायला.

लाँड्री आम्हा बायकांचीच. धुणाऱ्या, इस्त्रीवाल्या, घडीवाल्या, सगळ्या मिळून मालकिणी. इस्पितळांच्या चादरी येतात, उकळत्या पाण्यातून निघतात, आणि वर गच्चीवर दोऱ्यांना लागतात. गच्ची माझ्याकडे. कुठली दोरी कुठे बांधायची आणि कुठल्या वाऱ्याला किती चिमटे लावायचे, हे मी ठरवते. लेक खाली घडीच्या टेबलावर असते. ओल्या टोपल्या तिला उचलवत नाहीत.

तिच्या हाताचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

जावयाच्या कारखान्यात एक तापलेलं प्रेस आहे. काचांच्या मधे पॅनेलाचा गाभा ठेवून ते वरून दाबतं आणि सगळं एकजीव करतं. कोणाचा हात आत राहिला तर झाकण खाली येऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते. जाळी लावायची, काढायची, त्यात वेळ जातो. माल लवकर निघावा म्हणून त्यानं ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. लेक तेव्हा त्या प्रेसवर होती. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. इस्पितळात डॉक्टरांना त्यानं सांगितलं, "तिचं लक्ष नव्हतं." नातेवाइकांना तेच सांगितलं. मी जिन्यात उभी होते, मलाही तेच. "लक्ष नव्हतं हो तिचं, आई." पुढे काही महिन्यांनी तिला आणून सोडलं. तेव्हा तो मला आई म्हणाला नाही. "बाई, हिची काळजी घ्या," म्हणाला, जणू कोणाचं तरी सामान पोचवत होता.

मला त्याचा कारखाना बसलेला बघायचा होता. याहून गोड शब्दांत मला सांगता येत नाही.

पॅनेलं बसवायच्या दिवशी तिघेही आले. पहिला मोठ्या कंपनीचा, गळ्यात टाय, गच्चीवरच्या उन्हातही गाठ सैल न करणारा. दुसऱ्याला आम्ही अबोल म्हणायचो, कारण विचारलं तेवढंच बोलायचा, आणि कधीकधी तेवढंही नाही. तिसरा जावई. त्यानं मला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तुलना करायला एक मीटरवाला नेमला होता. त्यानं प्रत्येक रांगेला वेगळं मीटर लावलं आणि आम्हा बायकांना समजावून सांगितलं.

"पॅनेलावर शंभर वाट्या ऊन पडलं, तर त्यातल्या वीस-एकवीस वाट्यांचीच वीज होते. बाकीचं वाया. कोणाचं एकोणीस, कोणाचं बावीस. एवढाच फरक बघायचा आहे."

"आणि उरलेलं ऊन कुठे जातं?" आमच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या मूळच्या इस्त्रीवाल्या, त्यांना वाया जाणारी वाफसुद्धा बघवत नाही.

"पॅनेल तापतं. आणि तापलं की आळसावतं. ऊन हवं, पण उष्णता नको, असं त्याचं आहे. म्हणून मागून वारा खेळता लागतो."

"म्हणजे आमच्या नवऱ्यांसारखंच," कोणीतरी म्हणालं. "खायला हवं, पण चुलीजवळ यायला नको."

मीटरवाला हसला नाही. त्यानं खडूनं गच्चीवर रेघ मारली. "मावशी, या रेघेच्या पुढे दोरी नको. कुठल्याही पॅनेलावर सावली पडली तर परीक्षा रद्द." मी मान हलवली. मागच्या बाजूबद्दल तो काही बोलला नाही.

नियम आणखी एक होता, तो आमचा. इस्पितळाचं कापड वर असताना बाहेरच्या माणसानं गच्चीवर यायचं नाही. मीटर वाचणं काय आणि पॅनेलं बघणं काय, जे करायचं ते सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी दोऱ्या रिकाम्या असतात.

दुसऱ्याच दिवशी मी दोऱ्या सोडल्या आणि तिसऱ्या रांगेच्या मागे नेऊन बांधल्या. एकीला लागून एक, दाट. त्यांवर ओल्या चादरी अशा ताणून लावल्या की कुठून वाऱ्याची झुळूक शिरायला नको. सावली मागे पडत होती, पॅनेलावर तसूभरही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीनं जागा वाचवली. माझा हिशोब सरळ होता. मागून वारा बंद, म्हणजे पॅनेल तापणार. तापलं की आळसावणार. फळ्यावर त्याचा आकडा घसरत जाणार, आणि सगळ्या बायकांसमोर त्याचं पॅनेल भिकार ठरणार. ज्यानं माझ्या लेकीचा हात तापल्या प्रेसमधे घालवला, त्याचा माल तापून मरावा, यात मला न्याय दिसत होता.

सुट्टीच्या दिवशी मीटरवाल्यानं फळ्यावर आकडे लिहिले. तिसरी रांग सगळ्यात वर.

मला वाटलं, सुरुवात आहे. मी दोऱ्या आणखी जवळ सरकवल्या. जुन्या पिवळट चादरी काढून नव्या घट्ट विणीच्या लावल्या, म्हणजे वारा अजिबात जाऊ नये. पुढच्या सुट्टीला तिसरी रांग आणखी वर गेली. टायवाल्याची पहिली रांग आणि अबोलाची दुसरी जवळपास सारखीच चालली होती, आणि हा त्यांच्या डोक्यावरून निघाला होता. जावई फळ्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि अध्यक्षबाईंना म्हणाला, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मी दातओठ खाल्ले. माझा राग आता पॅनेलावरही होता.

मग एके दिवशी माझ्याबरोबर चादरी उतरवणारी बाई रजेवर गेली, आणि मदतीला लेक वर आली. ती सहसा वर येत नसे. त्याचं पॅनेल तिला बघायचं नव्हतं. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि ती थांबलीच. चादरींचा पांढरा लख्ख उजेड पॅनेलांच्या पाठीवर पडला होता. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"आई, या दोऱ्या इथे कोणी बांधल्या?"

"मीच."

"कशाला?"

"वारा अडवायला. तापू दे मेल्याला."

 ती त्या रांगेच्या मागे गेली, वाकली, आणि डाव्या हातानं पॅनेलाच्या पाठीवर टकटक केलं. काचेचा आवाज आला.

"त्या दोघांच्या पॅनेलांना मागे पत्र्यासारखा जाड पांढरा कागद आहे, त्यातून उजेड जात नाही. याच्या पॅनेलांना दोन्हीकडून काच. ही मागूनसुद्धा ऊन पितात. तू त्यांना पाठीमागून चादरींचा उजेड देते आहेस. आणि ओलं कापड, त्यानं हवा गार होते, तापायची सोडच." ती सरळ उभी राहिली. "सापाला दूध पाजते आहेस तू."

मी टोपलीच्या काठावर बसले. हसावं की डोकं आपटावं, कळेना. एवढे आठवडे मी घाम गाळून त्या माणसाला पहिला नंबर मिळवून देत होते.

"उतरव त्या," लेक म्हणाली.

मी उठले, पहिला चिमटा काढला. आणि काढता काढता माझ्या डोक्यात दुसरंच आलं. चिमटा मी परत लावला.

"नाही उतरवत."

"का?"

"त्याचा माल किती देतो ते त्याला माहीत असेल ना?"

"पॅनेलाच्या खोक्यावर छापलेलं असतं. फळ्यावर आहे त्याहून कितीतरी कमी."

"मग फळ्यावरचा आकडा खोटा आहे हे त्याला कळायला हवं."

"कळलंच असेल. पण तो कशाला बोलतोय?"

"तेच. पिऊ दे दूध. फुगू दे."

लेकीनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला माझा बेत कळला होता, आणि आवडला नव्हता. "तुझं तू बघ," ती म्हणाली. "मला यात ओढू नकोस." वाळल्या होत्या तेवढ्या चादरी तिनं डाव्या हातानं ओढून, उजव्या कोपरात धरून, एकेक करत गोळा केल्या आणि खाली गेली.

त्यानंतर मी रोज निवडून पांढऱ्यातल्या पांढऱ्या चादरी तिथे लावल्या. लहान मुलाला भरवावं तसं त्या पॅनेलांना भरवलं.

निवड करायच्या बैठकीत सगळ्या बायका होत्या, ते तिघे होते, मीटरवाला होता. अध्यक्षबाई म्हणाल्या, "इस्त्रीचं यंत्र विकणाऱ्यानं आम्हाला असंच दाखवलं होतं. दाखवताना सगळ्यांचाच मोर नाचतो. घरी आणला की कोंबडी निघते."

हीच वेळ होती. मी म्हणाले, "मग लिहूनच घ्या ना. या फळ्यावर ज्याचा जो आकडा आहे, तोच सगळ्या गच्चीला धरायचा. तेवढी वीज दर महिन्याला मिळालीच पाहिजे. कमी पडली तर त्यानं स्वतःच्या खिशातून पॅनेलं वाढवून द्यायची, पुरी पडेपर्यंत."

बायकांना ते पटलं. टायवाला म्हणाला, कंपनीच्या धोरणात असं लिहून देणं बसत नाही. अबोलानं फळ्यावरचा आपला आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "यापेक्षा थोडं कमी लिहून देईन." लांबच लांब वाक्य होतं ते त्याच्या मानानं.

मीटरवाला जावयाकडे वळला. "तुमचं पॅनेल तुमच्याच छापील आकड्यापेक्षा जास्त देतंय. असं का, ते सांगता येईल?"

मला वाटलं, इथे तो थांबेल. त्याच्या जागी कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा, मला एकदा चालू दिवशी गच्ची बघू द्या. 

जावयानं आधी टायवाल्याकडे पाहिलं, मग अबोलाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघून तो हसला.

"आम्ही कागदावर कमीच लिहितो," तो म्हणाला. "स्वभाव आहे."

आणि सही केली.

त्या संध्याकाळी मी दोऱ्या सोडल्या आणि गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधल्या. सगळी गच्ची पॅनेलांनी भरणार होती, तेव्हा कपड्यांना जागा करावीच लागणार होती. कोणी काही विचारलं नाही.

पहिल्या महिन्यात वीज कमी पडली. मीटरवाल्यानं आकडा सांगितला, अध्यक्षबाईंनी कराराचा कागद पुढे केला, आणि जावयानं तोंड वाकडं करून आणखी पॅनेलं आणली. दुसऱ्या महिन्यात ढग असतील, धूळ असेल, असं म्हणाला. मीटरवाला म्हणाला, धूळ धुवून घेतली आहे, आणि ढगांची सूट धरली आहे. तरी पाचांतला एक हिस्सा कमीच. जावयानं पुन्हा आणली. त्याच्याकडून कळलं नाही, पण त्याच्या गाडीवरच्या माणसांकडून कळलं की दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा माल तो आमच्याकडे वळवतो आहे आणि ते गिऱ्हाईक रोज दारात येऊन बसतं. मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

तिसऱ्या खेपेला तो स्वतः आला, चालू दिवशी. आता तो कामाचा ठेकेदार होता, त्याला वर यायला बंदी नव्हती. गच्चीच्या टोकाला माझ्या चादरी उन्हात झगमगत होत्या. त्यांचा उजेड शेवटच्या चार-दोन पॅनेलांच्या पाठीवर पडला होता. तो उभा राहून बघत राहिला. मग वळून मला शोधायला लागला, पण आधी गेला अध्यक्षबाईंकडे. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकलं.

"परीक्षेच्या वेळी या चादरी कुठे होत्या?"

"गच्चीवर."

"माझ्या रांगेमागे होत्या?"

"असतील. लाँड्रीच्या गच्चीवर चादरी नाही तर काय हत्ती असतील?"

"आकडा फुगला त्यानं. ही फसवणूक आहे."

"आकडा जास्त दिसतोय हे तुम्हाला विचारलं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, स्वभाव आहे."

तो घडीच्या खोलीत आला तेव्हा मी तिथे पोचले होते. मोठी यंत्रं चालू होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका चादरींची टोकं धरून उभ्या. लेक मधल्या टेबलावर होती, पाठमोरी. तिनं वळून पाहिलं नाही.

"आई," तो म्हणाला. खूप दिवसांनी म्हणाला. "तुम्हीच केलंत हे."

"काय केलं?"

"तुम्हाला माहीत आहे. कारखाना बसेल माझा. तुम्ही त्यांना एवढंच सांगा की आकडा चादरींचा होता. तुमचं ऐकतील त्या."

"तुझा माल तुला ठाऊक होता. सही कशाला केलीस?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "काय हवंय तुम्हाला?"

हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. पण तोंडात तयार होतं. "जाळी कोणी काढली होती ते सांग. इथे, सगळ्यांसमोर."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ओठ हलले.

"यंत्रं चालू आहेत," मी म्हणाले. "ऐकू येत नाही."

"मी काढली होती," तो म्हणाला.

"काय काढली होती?"

"प्रेसची जाळी. मी काढली होती. तिची चूक नव्हती." या वेळी जोरात म्हणाला. इतक्या जोरात की पलीकडच्या टेबलावरची चादर अर्ध्यावर थांबली. बायका त्याच्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होते, एकेकीकडे, कोणी ऐकायची राहिली नाही ना.

त्याला वाटलं, झालं. "मग बोलाल त्यांच्याशी?"

"बोलेन असं मी कधी म्हणाले?"

त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा बघण्यासाठी मी एवढे दिवस जगले होते, आणि मी तो पोटभर पाहिला.

तेव्हा लेक वळली. मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. तिनं मला ओलांडून त्याला विचारलं.

"आता जाळी लावली आहे का?"

तो दाराकडे बघायला लागला.

"प्रेसवर कोण असतं?"

"दोघी आहेत. नव्या."

"आणि जाळी भिंतीलाच आहे."

 लेकीनं हातातली चादर टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज माझ्यासाठी त्याच्यापेक्षा गोड नव्हता.

"तू एवढं सगळं केलंस. मला एकदा तरी विचारलंस, मला काय हवंय?"

"तुझ्यासाठीच..."

"माझं नाव घेऊ नकोस. तुला मजा आली." तिनं एप्रन सोडला. त्याला म्हणाली, "चल. आत्ता लावायची. मी बघणार."

ती त्याच्या गाडीत पुढे बसून गेली. मी खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी ती चालत परत आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "लावली. चारही स्क्रू मी स्वतः आवळून पाहिले. त्या दोघींना सांगितलंय, कोणी काढायला लावली तर यंत्र सोडून उठायचं आणि इथे यायचं."

"आणि पॅनेलांचं?"

"ते तुझं आणि त्याचं. मला नको सांगूस."

मी अध्यक्षबाईंना काही सांगितलं नाही. करार होता तसा राहिला.

त्याची पॅनेलं येत राहिली. गच्ची भरत गेली आणि माझ्या दोऱ्या एकेक करत कमी झाल्या. शेवटी अध्यक्षबाईंनी विजेवर चालणारं वाळवणीचं यंत्र घेतलं, कारण वीज आता होती. मी खाली घडीच्या खोलीत आले. माझी जागा लेकीच्या समोर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही दिवसभर एकमेकींकडे चालत येतो, टोकाला टोक लावतो आणि मागे जातो. कामाचं बोलते ती माझ्याशी. बाकीचं अजून नाही.

शेवटची पॅनेलं आली तेव्हा त्याच्याकडे माणसं उरली नव्हती. तो एकटाच खांद्यावर एकेक घेऊन चार मजले चढत होता. मी माझी उरलेली दोरी सोडायला वर गेले होते. तो दारातून आला, पॅनेल भिंतीला उभं केलं आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, थोडं पाणी मिळेल?"

"नळ खाली आहे," मी म्हणाले, आणि दोरी गुंडाळायला लागले.